काकांच्या खिशातलं कार्ड

प्रश्न : ताई, नमस्कार. वाळूज एमआयडीसीत आमचं सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. काका आणि मी मिळून बघतो. ज्या कंपनीला पार्ट देतो तिच्यामार्फत पुढच्या महिन्यात पाच जपानी पाहुणे शॉप बघायला येणार आहेत. मी म्हणतो, नवी व्हिजिटिंग कार्डं छापू, ती द्यायची रीत शिकून घेऊ. काका म्हणतात, "कार्डाचं काय एवढं कौतुक? जॉब मायक्रॉनमध्ये बसला म्हणजे झालं." खरं कोणाचं?
– एक वाचक, वाळूज

उत्तर : बाद जॉब, म्हणजे मापात न बसलेला पार्ट, कार्डानं पास होत नाही, एवढं काकांचं खरं. पण जॉब मोजायची वेळ नंतर येईल, आधी कार्डं हातात येतील. कोण कोणाच्या वर, दराचं कोणाशी बोलायचं, तांत्रिक प्रश्न कोणाला विचारायचे, हे पाहुणे तेव्हाच टिपून घेतात.

चिकलठाण्याच्या एका कंपनीत मी निर्यातीचं काम पाहत होते. तिथं रिसेप्शनवरच्या मुलानं जपानी पाहुण्यांची कार्डं त्यांच्यादेखत व्हिजिटर रजिस्टरला स्टेपल केली. खट्, खट्, खट्! आत मालकांनी त्यातल्याच एका साहेबांचं कार्ड उलटं करून पाठीवर टूलिंगचा हिशोब मांडला. पाहुणे हसतमुखच राहिले. ऑर्डर त्यामुळं गेली असं मी म्हणणार नाही, आमचा दरच जास्त होता. पण जेवणाच्या टेबलावर गप्पा काही रंगल्या नाहीत.

लग्नाची पत्रिका आपण वडीलधाऱ्यांच्या हातात देतो, फाटकातून आत भिरकावत नाही. जपानी माणूस कार्डाला तेवढाच मान देतो. तेव्हा उभं राहून द्या, मध्ये टेबल असेल तर वळसा घालून त्यांच्यापाशी जा. अक्षरं त्यांना सुलट दिसतील असं धरा, दोन्ही हातांनी, थोडं वाकून, कंपनीचं आणि स्वतःचं नाव सांगत. दोघांनी एकदमच कार्ड पुढं केलं तर उजव्या हातानं आपलं द्यायचं आणि डाव्या हातातल्या कार्डहोल्डरवर त्यांचं घ्यायचं. आपलं कार्ड त्यांच्या कार्डापेक्षा किंचित खाली धरलं की नम्रता दिसते. सुरुवात मोठ्यांपासून, म्हणजे आधी काका आणि त्यांचे प्रमुख. तुम्ही मागून.

घेतलेलं कार्ड वाचायचं, खरोखर वाचायचं. आडनाव उच्चारून पाहा, अडलं तर तिथंच विचारा. विचारलेलं चालतं, चुकीचं नाव घेऊन दिवसभर हाक मारलेली चालत नाही. आडनावानंतर 'सान' लावा, आपल्या 'साहेब'सारखं. स्वतःच्या नावाला मात्र कधी नाही, हे काकांना दोनदा सांगा. बैठकीत कार्डं समोर, ते बसलेत त्याच क्रमानं मांडायची, प्रमुखांचं आपल्या कार्डहोल्डरवर. चहाचा कप त्यावर येऊ देऊ नका. त्यावर लिहू नका. पँटच्या मागच्या खिशात तर नकोच, कारण मग माणूस त्याच्यावर बसतो.

आता काकांच्या शर्टाचा खिसा. मे महिन्यात आपल्याकडं त्या खिशातलं कार्ड दुपारपर्यंत घामानं पापड झालेलं असतं. गुलमंडीच्या बाजारात साधा कार्डहोल्डर मिळेल. जपानी कार्डाचं रूढ माप 91 बाय 55 मिलिमीटर आहे, तेवढं बसतंय का ते बघून घ्या. छापताना कोपऱ्यातला गणपती खुशाल राहू द्या, तीन-तीन मोबाईल नंबर मात्र काढा. इंग्रजीत नाव, हुद्दा, पत्ता, एक नंबर, एक ईमेल. एका भेटीसाठी पाठीवर जपानी छापायचा खटाटोप मी करणार नाही. करायचाच असेल तर जपानी वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, मोबाईलच्या भाषांतरावर जाऊ नका. क्यूआर कोड हवा तर मागं टाका, पण कागदाचं कार्ड आधी.

प्रश्न : मुलगा शेंद्र्याला एका कोरियन कंपनीत लागला आहे. तिथंही हेच चालेल का?
– एक आई, परभणी

उत्तर : बरंचसं. कोरियातही दोन्ही हात चालतात. नाहीतर उजव्या हातानं देताना डावा हात उजव्या मनगटाखाली किंवा कोपराशी टेकवतात, वरिष्ठांना कागद देतानाही तसंच. कोरियन नावात आडनाव आधी येतं, इंग्रजी कार्डावर कधी उलटं छापलेलं असतं, म्हणून खात्री करून घ्यायला सांगा. आणि हजेरीत किंवा यादीत कुणाचं नाव लाल शाईनं लिहू नये. मेलेल्या माणसाचं नाव लाल शाईनं लिहितात अशी त्यांच्याकडं समजूत आहे. डब्याबरोबर निळा पेन द्या.