नव्याने रुजू झालेल्या अभियांत्रिकी प्राध्यापकांसाठी
मंजुरी आणि मूल्यांकन यांची गल्लत करू नका. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) मंजुरी अभ्यासक्रम चालवण्यासाठी लागते, नॅक (राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद) संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते, तर एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) प्रत्येक अभ्यासक्रम स्वतंत्रपणे तपासते. त्यामुळे एकाच महाविद्यालयात यंत्र शाखेला मानांकन असते आणि विद्युत शाखेला नसते, हे पालकांनाही समजावून सांगावे लागते.

२०१४ साली एनबीएमार्फत भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य झाला. या करारानुसार चालणाऱ्या एनबीएच्या मानांकन पद्धतीत काय शिकवले यापेक्षा विद्यार्थ्याला काय आले, याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो तपासणी समितीच्या भेटीच्या आदल्या रात्री जागून तयार होत नाही. चाचणीची प्रश्नपत्रिका काढतानाच प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणत्या निष्पत्तीसाठी, म्हणजे विद्यार्थ्याला काय यायला हवे हे तपासण्यासाठी, आहे ते लिहा आणि गुणही प्रश्ननिहाय नोंदवा. एखाद्या निष्पत्तीची पातळी कमी आली, तर आकडे फुगवण्याच्या मोहात अजिबात पडू नका. पुढच्या सत्रात त्या घटकासाठी वाढवलेले तास किंवा बदललेला प्रयोग यांची नोंद कोर्स फाइलमध्ये, म्हणजे त्या विषयाच्या अध्यापनाच्या नोंदींच्या फाइलमध्ये, ठेवा. माझ्या मते त्या फाइलमधले सर्वांत मोलाचे पान तेच. महाविद्यालय स्वायत्त असेल, तर अभ्यासमंडळाच्या बैठकीत हीच नोंद मांडा. अभ्यासक्रमात बदल सुचवायला तिच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.