कावेरीतला महाशीर आणि आपला महाशीर

प्रश्न: नमस्कार, लोणावळ्याजवळ वळवणला महाशीरची बोटुकली तयार करून नद्यांमध्ये सोडतात हे माहितीये. मासे कमी झाले की अजून सोडायचे, सोपा हिशोब आहे ना? मग डीएनए आणि जीनोम (म्हणजे माशाचा सगळाच्या सगळा डीएनए) वाचायचा खर्च कशाला?
– एक वाचक, मावळ

उत्तर: हिशोब सोपा वाटतो खरा, पण कावेरीत नेमका तोच अंगाशी आलाय. वळवणला 1970 च्या दशकापासून जो महाशीर वाढवतात तो निळ्या परांचा, साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये आपल्या मुळा-मुठेतूनच नोंदवलेला. तो कावेरीतही सोडला गेला (हेतू चांगलाच होता हो), आणि तिथे आधीपासून एक वेगळाच महाशीर राहत होता, पाठीवर कुबड, केशरी पर, वजन 50 किलोच्या वर जाणारा. निळा वाढत गेला, कुबडवाला घटत गेला, आणि कहर म्हणजे गळ टाकणाऱ्यांमध्ये जगभर नावाजलेल्या या माशाला शास्त्रीय नावच पक्कं नव्हतं, मग धोक्यातल्या जातींच्या यादीत घालणार कुणाला? शेवटी 2018 मध्ये डीएनए आणि शरीराची ठेवण जुळवून पाहिली तेव्हा कळलं, की 2007 मध्ये केरळच्या पांबार नदीतून वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच. 2018 मध्येच आययूसीएनने (धोक्यातल्या जातींची यादी ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) त्याला अतिधोक्यात असलेला ठरवलं.

आता तुम्ही म्हणाल, ओळख पटली ना, मग अख्खा जीनोम कशाला. तर ओळखीसाठी बहुतेक वेळा मायटोकाँड्रियाचा (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए बघतात आणि तो फक्त आईकडून येतो. म्हणजे आई कुबडवाली आणि बाप निळा असला तरी टेस्टमध्ये पोरगं शुद्ध कुबडवालं दिसणार! संकर पकडायचा तर बापाकडून आलेलंही वाचावं लागतं.

शिवाय नात्यातल्या नात्यात जोड्या लागल्यात का तेही जीनोममध्येच दिसतं. अमेरिकेत नेवाडातल्या डेव्हिल्स होलमध्ये पपफिश नावाचा इवलासा मासा आहे, 2013 मध्ये मोजले तर 35 भरले. पुढे आठ माशांचे जीनोम वाचले, तर सरासरी 58 टक्के भागात आईची प्रत आणि बापाची प्रत एकसारखीच! हॅचरीत चार-दोन जोड्यांपासूनच लाखभर बोटुकली काढली तर त्याच वाटेने जायचं, फक्त आकडा मोठा दिसेल.

आणि यासाठी मासा मारावा लागत नाही बरं का. पराचा नखाएवढा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवायचा, मासा परत पाण्यात.