‘तिथे म्हातारे बसतात’

(सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका ताई गेली अकरा वर्षं नागपुरातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या एका विरंगुळा केंद्राचं काम पाहतात. वाचकांच्या पत्रांना त्यांची उत्तरं.)

प्रश्न : ताई, माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. कोराडीच्या वीज केंद्रात फोरमन होते. मार्गशीर्षात सासूबाई गेल्या, तेव्हापासून बाबा खोलीतच असतात. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारच्या फ्लॅटमध्ये बातम्या ऐकू जातात. जेवायला दोन-तीनदा हाक मारावी लागते. आम्ही दोघंही नोकरीवाले, सकाळी साडेआठला घर रिकामं होतं. जवळच्या बगिच्यात विरंगुळा केंद्र आहे. ह्यांनी दोनदा नेऊन बसवलं. दुसऱ्यांदा परत आल्यावर बाबा म्हणाले, “तिथे म्हातारे बसतात.” आता विषय काढला तरी चिडतात. आग्रह धरावा की सोडून द्यावं?
— एक सून, मनीषनगर

उत्तर : सूनबाई, टीव्हीचा आवाज आणि दोन-तीनदा मारावी लागणारी हाक, या दोन गोष्टी तुम्ही दुःखाच्या खात्यात टाकल्यात. मला वाटतं, आधी बाबांचे कान तपासून घ्या.

वीज केंद्रात वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाच्या कानांवर परिणाम होतो. आधी बारीक, उंच आवाज जातात, म्हणजे बायकांचे आणि लहान मुलांचे. म्हणून तुमची हाक पोचत नाही. एकटा माणूस समोर बसून बोलला तर अशांना समजतं, पण चौघं एकदम बोलायला लागले की सगळा नुसता गलका होतो. बहुतेक केंद्रांमध्ये वर पत्र्याचं छत, डोक्यावर पंखा आणि कॅरमभोवती सहा जण असतात. बाबा दोन्ही वेळा तिथे काही न समजता बसून आले असतील. सगळे हसले की आपणही हसायचं, पण कशाला ते माहीत नाही. अशा ठिकाणी तिसऱ्यांदा कोण जाईल? आणि “मला ऐकू येत नाही” हे सुनेला सांगणं सोपं नसतं.

मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, कान-नाक-घशाच्या ओपीडीत किंवा घराजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे ऐकण्याची तपासणी करून घ्या. कधी नुसता मळ निघतो आणि अर्धं काम होतं. यंत्र लागलंच तर पहिल्या दिवशी ते घालून केंद्रात पाठवू नका. आधी घरातल्या शांत खोलीत तासभर, मग दोन तास. सवय व्हायला काही आठवडे लागतात. घाई केली की यंत्र कपाटात जातं आणि तिथेच राहतं. (कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असेल तर ६५ वर्षांवरच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. तुम्हाला ही योजना लागू होणार नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाला उपयोग होईल. चांगल्या श्रवणयंत्राला ही रक्कम पुरत नाही, हे माझं दुखणं आहे.)

आता “तिथे म्हातारे बसतात” याबद्दल. हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यात मला त्यांचं चुकतंय असं कधी वाटलं नाही. बसायला कुणाला जायचं असतं? बसायला घरी खुर्ची आहे.

यात माझ्या हातून एक चूक झाली आहे. नऊ वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक पहिल्यांदा केंद्रात आले. शाळेत ते गायचे, असं कुणीतरी सांगितलं. मी कौतुकानं माइक त्यांच्या हातात दिला, “सर, एक गाणं होऊन जाऊ द्या.” त्यांची पत्नी जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. मला ते माहीत होतं आणि तरी मी तसं केलं. त्यांनी माइक हळूच टेबलावर ठेवला, चष्मा घरी राहिला म्हणाले आणि निघून गेले. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. ते परत आले नाहीत.

तेव्हापासून नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी काही करून दाखवायला सांगत नाही. काम देते. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. तेही असेच मुलाबरोबर येऊन भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, “साहेब, या दोघी बायांना पासबुकातल्या नोंदी कळत नाहीत, जरा पाहता का जी?” दोघी होत्या, त्यांच्या चौघी झाल्या. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी त्यांच्यासमोर रांग लागते. ताप आला तरी “माझे लोक येतील” म्हणून ते घरच्यांशी भांडून येतात.

काम मात्र खरं हवं. माणसाला रमवायला काढलेलं काम त्याला ताबडतोब ओळखू येतं. तुमच्या बाबांसाठी तर ते शोधायलाही नको. फाल्गुन लागला की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली येतात. आमच्या केंद्रात तीन आहेत आणि दरवर्षी तेच : ताट्या कुजलेल्या, एक पंप जाम, एक टाकी गळकी. कूलरच्या पत्र्यात करंट उतरून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात वाचायला मिळतात. अर्थिंग तपासायला जाणता माणूस हवाच असतो. तुमच्या केंद्राच्या सचिवांना घरी येऊन बाबांना विचारायला सांगा, “साहेब, आमचे कूलर एकदा पाहून देता का?” मुलानं नेऊन सोडणं म्हणजे शाळेत सोडल्यासारखं वाटतं. त्यांच्या वयाचा माणूस दारात येऊन सोबत घेऊन गेला तर गोष्ट वेगळी होते.

आणखी एक. दिवसातली कुठली वेळ त्यांना सगळ्यात जड जाते, ते पाहा. माझे यजमान गेले तेव्हा मला संध्याकाळी पाचचा चहा सोसत नव्हता. सकाळ कामात निघून जायची, पाच वाजता हात आपोआप दोन कपांकडे जायचा. त्याच वेळी मी केंद्रात यायला लागले. बाबांची अशी वेळ असेलच. केंद्रात तेव्हा अर्धा तास गेले तरी पुष्कळ झालं.

जेवण तुटलंय, वजन उतरतंय, रात्रभर डोळा लागत नाही, आंघोळ सोडली आहे किंवा “आता कशाला जगायचं” असं ते म्हणाले, यातलं काहीही असेल तर केंद्राची वाट पाहू नका, डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन लावून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तुम्हीही लावू शकता. सासूबाई तुमच्याही गेल्या आहेत.

प्रश्न : माझं वय ६८. आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्रात सकाळी सात ते नऊ नुसते पुरुष असतात. पेपर, कॅरम, राजकारण. आम्ही बायका दारापर्यंत जातो आणि परततो. कुणी वाईट वागत नाही, पण बसावंसं वाटत नाही. शौचालयाला कुलूप असतं, किल्ली चौकीदाराकडे.
— एक भगिनी, सक्करदरा

उत्तर : सकाळी सातला कुठली बाई मोकळी असते? नातवाचा डबा, पाणी भरणं, देवपूजा, सगळं त्याच वेळात. केंद्राच्या वेळा पुरुषांच्या दिवसाप्रमाणे ठरल्या आहेत, आणि त्या ठरवताना कुणी वाईट हेतू ठेवला असं नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही. तुम्ही दुपारी तीन ते पाच मागा. तेव्हा सभागृह बहुधा रिकामंच असतं.

किल्लीचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण माझ्या मते मोठी गोष्ट तीच आहे. मी नर्स आहे, मोकळेपणानं लिहिते. या वयात खोकताना, हसताना, जिना चढताना लघवीचे थेंब जाणं फार बायकांना होतं, आणि त्या एकमेकींनाही सांगत नाहीत. म्हणून प्रवास बंद, लग्नाला जाणं बंद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी पिणं बंद. नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या घरात असताना, वय झालेल्या शरीराला तशीही तहान कमी लागते. त्यात मुद्दाम पाणी टाळलं तर चक्कर, लघवीचा दाह, दवाखाना. एक कुलूप इथपर्यंत नेतं. थेंब जाण्यावर उपाय आहेत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे साधे व्यायाम असतात, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट शिकवतात. “वयच झालं” म्हणून सोसत बसू नका.

पाच-सहा जणी मिळून मनपाच्या तुमच्या झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात दोनच मागण्या : दुपारची वेळ आणि केंद्र उघडं असेपर्यंत शौचालय उघडं. आमच्याकडे तोंडी सांगून वर्ष गेलं, अर्ज दिल्यावर महिन्यात किल्ली आमच्या हातात आली.

दुपारी काय करायचं, याची चिंता करू नका. आम्ही आठ जणींनी सुरुवात केली, तेव्हा काहीच ठरलं नव्हतं. भाद्रपद पौर्णिमेला एकीनं भुलाबाईचं गाणं काढलं, दुसरीला पुढचं कडवं आठवलं, तिसरी म्हणाली आमच्या वर्ध्याकडे असं नाही, असं म्हणतात. कोजागिरीपर्यंत दोनशे पानी वही भरत आली. घरी दहा मिनिटांपूर्वीचं विसरणाऱ्या एका आजींना त्यातली सगळ्यात जास्त गाणी येत होती. त्यांची मुलगी रोज दाराशी उभी राहून ऐकायची. आता गाण्यांनंतर खुर्चीवर बसून व्यायाम असतो, आणि खिरापत ओळखण्याचा खेळ बाराही महिने चालतो. मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवतो, फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, हे प्रत्येकीकडून पाठ करून घेतो.

प्रश्न : मी पुण्यात असतो. आई-बाबा धरमपेठेत एकटेच राहतात, वय ७६ आणि ८१. बाबा रेल्वेतून निवृत्त. आई मागच्या महिन्यात मोरीत घसरली, सुदैवानं फक्त मुका मार. केंद्रात जाऊन असा काय आधार मिळतो?
— एक मुलगा

उत्तर : आधी आईंचं बघू. आमच्या केंद्रात महिन्याच्या पहिल्या रविवारी एक चाचणी असते. तुम्ही पुढच्या वेळी आलात की घरीच करा. आई खुर्चीत बसतील, तुम्ही ‘चला’ म्हणाल. त्यांनी उठून नेहमीच्या चालीनं तीन मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. शेजारी उभे राहा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पुन्हा पडण्याचा धोका आहे असं समजून डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्याही दाखवा, पुष्कळदा पडण्याचं कारण तिथे सापडतं. मोरीत धरायला दांडी याच आठवड्यात बसवून घ्या.

कागदाची कामं केंद्रात होऊन जातात. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं : दोघांत मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, आधार कार्ड पुरतं. रेल्वेची आरोग्य सुविधा बाबांना असेल तर दोन्हींत काय निवडायचं ते आधी विचारून घ्या. केंद्र सरकारच्या पेन्शनधारकांना ८० नंतर हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत उभं राहायचं कारण नाही. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, आणि थोड्या शुल्कात पोस्टमन घरी येऊनही करून देतो. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास दोघांना मोफत आहे. आमची मंडळी धापेवाड्याला, रामटेकला तशीच जाऊन येतात. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते, हा नंबर फ्रीजवर लावून ठेवा.

पण तुम्ही आधार विचारलात, म्हणून सांगते. आमच्याकडे हजेरीची वही आहे. न सांगता एक दिवस कुणी आलं नाही तर संध्याकाळी फोन जातो. फोन उचलला नाही तर जवळ राहणारा माणूस त्याच रात्री दारात जातो. दोन वर्षांपूर्वी असंच एका काकांच्या दाराशी गेलो. आतून कण्हण्याचा आवाज येत होता, आणि कुलूप तोडायला पाऊण तास लागला. खुब्याचं हाड मोडून ते पहाटेपासून जमिनीवर पडले होते.

त्यानंतर आम्ही वहीत एक रकाना वाढवला. दुसरी किल्ली शेजारी कुणाकडे ठेवलेली चालेल, ते आईंना विचारा. त्यांचं नाव, नंबर आणि तुमचा नंबर आई-बाबांच्या केंद्रातल्या वहीत लिहून घ्यायला सांगा. तिथे अशी वही नसेल तर एक शंभर पानी वही घेऊन जा.