जीभ खांबाला, जीव टांगणीला

*ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा. परवा शाळेच्या मैदानात बर्फ साचला होता. मधल्या सुट्टीत एकानं पैज लावली म्हणून यानं झोपाळ्याच्या लोखंडी खांबाला जीभ लावली. ती चिकटली. बाईंनी कोमट पाणी ओतून सोडवली, थोडं साल निघालं. तोवर अर्धी शाळा गोळा झाली होती. मला फोन आला तेव्हा आधी हसूच फुटलं, आणि तिकडे फोनशेजारीच उभ्या असलेल्या लेकानं ते ऐकलं. घरी येऊन म्हणतो, 'मी घसरून पडलो.' दोन दिवस पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवली. नवरा म्हणतो, चांगला झापला पाहिजे. पैज लावणाऱ्या मुलाच्या आईला फोन करू का? — एक ओशाळलेली आई*

प्रिय आई,

पत्र वाचून मीही हसले. माझं हसू त्याला ऐकू गेलं नाही, एवढाच काय तो फरक.

आधी जिभेचं बघू. जिभेला रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे थोडंसं खरचटलं तरी घाबरण्याइतकं रक्त येतं, पण जखम भरतेही लवकर. काही दिवस गरम, तिखट, आंबट टाळा, मऊ आणि गार द्या. पुन्हा रक्त आलंच तर स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरा. तरी थांबेना, सूज वाढली किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर डॉक्टरांकडे न्या. आणि त्या बाईंना दोन ओळींची चिठ्ठी नक्की पाठवा. अशा वेळी घाबरून ओढाओढ करणारे किंवा उकळतं पाणी आणणारे मोठेही असतात. त्यांनी कोमट पाणी आणलं.

आता झापण्याबद्दल. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण लाडाचं नाही. ओरडा खाल्लेलं मूल पुढच्या वेळी अडकलं तर हाक मारत नाही. कुणाला कळायच्या आत सुटावं म्हणून हिसका देतं. या प्रकारात खरी इजा होते ती त्या हिसक्यानं.

त्यापेक्षा जे घडलं ते त्याला दाखवा. एक जड स्टीलचा डाव आणि एक लाकडी डाव रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी ओल्या कागदाची बारीक पट्टी दोन्हींवर टेकवून बघा. (बोट नको. जीभ तर नकोच.) स्टीलवरची पट्टी धरली जाते, लाकडावरची बराच वेळ सरकत राहते. दोन्ही डाव सारखेच गार, पण धातू उष्णता लाकडापेक्षा कितीतरी वेगानं ओढून नेतो. शरीर जिभेला ऊब पुरवतं, पण खांब ती त्याहून वेगानं पळवतो. मधली थुंकी शून्याखाली जाते आणि तिचा बर्फ जिभेच्या बारीक उंचवट्यांत नि धातूच्या खाचांत बसतो. मग पट्टीवर कोमट पाणी सोडा, ती कशी सुटते ते त्यालाच करू द्या. पहिल्या खेपेला जमलं नाही तर आणखी जड डाव घ्या, पातळ डाव हातात धरेपर्यंतच गरम होतो. डाव ठेवता ठेवता सहज सांगा: अडकलं तर हलायचं नाही, तोंडानं गरम श्वास सोडत राहायचं, कुणाला तरी मोठ्यांना बोलवायला लावायचं.

'घसरून पडलो' याची उलटतपासणी घेऊ नका. तुम्हाला सगळं माहीत आहे, हे त्याला ठाऊक आहे. तुम्हीही नंतर तो विषय काढू नये, एवढंच त्याला हवं आहे, कारण काढला की ते हसू पुन्हा ऐकू येतं. म्हणून आधी तुम्ही बोला: 'फोनवर मी हसले. तुला तेव्हा दुखत होतं. माझं चुकलं.' इथं थांबा. या वाक्याच्या शेपटाला 'पण' लावायचा मोह होईल, मला तरी झाला असता. 'पण तू तरी असं का केलंस?' म्हणालात की माफी गेली आणि चौकशी सुरू झाली.

पोटदुखी खोटी समजू नका, शाळेच्या धास्तीनं पोट खरंच दुखतं. तरी ताप-उलटी काही नसेल तर उद्या पाठवा. जितकी सुट्टी वाढेल तितकी शाळेत ती गोष्ट फुगेल. जाण्याआधी घरी तालीम करा. तुम्ही वर्गातला सगळ्यात आगाऊ पोरगा व्हा आणि चिडवा. त्याच्या तोंडी एकच वाक्य बसवा: 'हो, चिकटली. तू लावू नकोस, लई झोंबतं.' स्वतःच कबूल करणाऱ्याला चिडवण्यात पोरांना मजा उरत नाही.

पैजवाल्याच्या आईला फोन नको. लेकाला एकच विचारा, 'तू नाही म्हणाला असतास तर काय झालं असतं?' 'काही नाही' म्हणाला तर विषय संपला. 'मग मला खेळायला घेतलं नसतं' म्हणाला, तर मात्र बाईंना गाठा. तेव्हा प्रश्न खांबाचा नाही, त्या टोळक्याचा आहे.

राहिला नवरा. आठ वर्षांचा असताना त्यानं कुठल्या गजात डोकं आणि कुठल्या बाटलीत बोट अडकवलं होतं, ते जेवताना विचारा. लेक समोर बसलेला असताना.