वर्गीकरण, वर्गवारी, प्रतवारी आणि आजीचं निसणं

आर्णी तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलं आहे: "काका, मी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं आहे. सांख्यिकीच्या पुस्तकात 'सामग्रीचे वर्गीकरण' (म्हणजे जमवलेल्या आकड्यांचे गट पाडणं) असा धडा आहे. आमच्या मॅडम शिकवताना 'वर्गवारी' म्हणतात आणि एका गाईडमध्ये 'प्रतवारी' लिहिलं आहे. तिन्ही एकच का? आजी म्हणते, हे तर आपलं निसनंच (निवडणंच) हाय. मग पेपरात काय लिहू?"

बेटा, पेपरात 'वर्गीकरण'च लिही. मॅडमचा शब्दही चुकीचा नाही. गाईडमधला मात्र इथे चुकला आहे, आणि तो का चुकला हे समजलं की अर्धा धडा समजतो.

आधी प्रतवारी घे. प्रत म्हणजे दर्जा. 'उंची प्रतीचा', 'हलक्या प्रतीचा' असं आपण म्हणतोच. प्रतवारी केली की वर कोण, खाली कोण हे ठरतं आणि भावही त्यावरच ठरतो. तुझ्या घरचा कापूस बघ. पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र माल वेगळा, शेवटची फरदड वेगळी, किडलेल्या बोंडातली कवडी त्याहून वेगळी. केंद्र सरकार हमीभाव जाहीर करतं तेही धाग्याच्या लांबीवर: मध्यम धागा २४.५ ते २५.५ मिलिमीटर, लांब धागा २९.५ ते ३०.५ मिलिमीटर, आणि लांब धाग्याला भाव जास्त. हे गट नुसते वेगळे नाहीत, ते चढत्या पायऱ्यांनी लागलेले आहेत. म्हणून ती प्रतवारी. प्रत्येक प्रतवारी हे एक वर्गीकरण असतं, पण प्रत्येक वर्गीकरण ही प्रतवारी नसते.

आता 'वर्ग'. हा संस्कृत 'वृज्' धातूपासून आला. वळवणं, बाजूला सारणं, वगळणं असा त्याचा अर्थ. 'वर्ज्य' शब्दही त्याच धातूचा. वर्ग आणि वर्ज्य ही सख्खी भावंडं आहेत हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होतो. वर्ग करणं म्हणजे इतरांपासून वेगळं काढणं. यात वरचढ-कमतर असं काही नाही.

याचा सगळ्यात सुंदर दाखला तू पहिलीत पाठ केला आहेस. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. पाच ओळी, पाच रकाने, पंचवीस व्यंजनं. ओळ ठरते उच्चाराच्या जागेवरून: कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. रकाना ठरतो उच्चाराच्या तऱ्हेवरून, म्हणून शेवटच्या रकान्यात सगळी अनुनासिकं एकाखाली एक येतात. तुझ्या पुस्तकात दोन गुणांवरून केलेली सारणी पुढे येईल ना, ती हीच. आणि ओठातून निघणारा 'प' कंठातून निघणाऱ्या 'क'पेक्षा हलका, असं कुणी म्हणत नाही.

दुसरा दाखला घरातल्या सातबाऱ्यावर आहे. 'भोगवटादार वर्ग १' आणि 'वर्ग २'. वर्ग २ म्हणजे जमीन हलकी, असं गावात अनेकांना वाटतं. तसं नाही. वर्ग १ ची जमीन मालकाला विकायला मोकळी असते, वर्ग २ ची विकायची तर सरकारी परवानगी लागते. माती दोन्हीकडे काळीभोर असू शकते. वर्गाला प्रत समजलं की असा घोळ होतो, आणि तुझ्या गाईडमध्ये तोच झाला आहे.

मॅडमच्या 'वर्गवारी'तला 'वार' फारसीतून आला आहे: तपशीलवार, तालुकावार, सालवार. आकडेवारी, टक्केवारी, क्रमवारी ही सगळी त्याच घरची. अर्थ 'त्या त्या प्रमाणे'. तालुकावार मांडणी म्हणजे स्थळावरून केलेलं वर्गीकरण, सालवार मांडणी म्हणजे काळावरून केलेलं. माझं मत असं, की करण्याच्या क्रियेला वर्गीकरण म्हणावं आणि करून झाल्यावर जे कागदावर दिसतं त्याला वर्गवारी. 'वारंवारता'मधला वार मात्र वेगळा. तो संस्कृत, म्हणजे पाळी, खेप. एखादी गोष्ट किती खेपा आली ते मोजायचं, आपण 'घडीघडी' म्हणतो तसं.

आणखी एक वारी तुझ्या गावात दरवर्षी ऐकू येते: पैसेवारी. जुने लोक अजून आणेवारीच म्हणतात. यंदाचं पीक नेहमीच्या पिकाच्या मानानं रुपयात किती पैसे, असा हिशेब. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. पन्नास पैशांपेक्षा कमी आलेल्या गावांना शेतसाऱ्यात सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी अशा सवलती मिळत आल्या आहेत. इथे नीट बघ: 'पन्नासपेक्षा कमी' म्हटलं की नेमके पन्नास पैसे आलेलं गाव त्या गटात बसत नाही. पुस्तकात याला असमाविष्ट पद्धत म्हणतात. वर्गाची वरची मर्यादा त्या वर्गात धरायची नाही, पुढच्या वर्गात धरायची. एका शब्दावर गाव इकडचं तिकडे होतं, म्हणून ही व्याख्या घोकू नको, समजून घे.

आता प्रत्यक्ष करून बघू. समज, तुमच्या वावरात पंधरा बाया वेचायला आल्या आणि संध्याकाळी काट्यावर हे किलो भरले: ३१, १८, ४४, ३०, २५, ३८, ५२, २७, ४०, ३४, २२, ४७, ३०, ३६, ४१. वहीत जशी नोंद झाली तशी ही कच्ची सामग्री. दहा-दहाचे वर्ग पाडून प्रत्येकीसाठी एक उभी रेघ ओढ, पाचवी आडवी. या ताळ्याच्या खुणा. (ताळा म्हणजे पडताळा, हे आपण गुणाकाराच्या वेळी शिकलोच. शब्द इथे फार चपखल बसला आहे.) १० ते २० मध्ये एक, २० ते ३० मध्ये तीन, ३० ते ४० मध्ये सहा, ४० ते ५० मध्ये चार, ५० ते ६० मध्ये एक. तीस भरलेल्या दोघी आणि चाळीस भरलेली एक कुठे गेल्या ते पुन्हा तपासून बघ.

वहीत जे दिसत नव्हतं ते आता दिसतं: बहुतेक बाया तीस ते पन्नासच्या मध्ये आहेत. पण काही हरवलंही. वहीतली बेरीज ५१५ किलो. सारणीवरून, प्रत्येक वर्गाचा मध्य धरून बेरीज केलीस तर ५३५ येते. वीस किलो कापूस हवेतून आला! कारण सारणीला आता अडतीसवाली आणि तिसवाली यांतला फरक माहीत नाही, दोघीही तिच्या लेखी पस्तीसच. म्हणून मजुरी चुकवायची ती वहीवरून, सारणीवरून कधीच नाही. सारणी आहे ती एकंदर वेचणी कशी झाली हे सांगायला.

आता आजीचं निसनं. शब्द अस्सल आहे. आपल्याकडे गहू निसतात, भाजी निसतात, आणि 'वृज्'मधलं वेगळं काढणं त्यात पुरेपूर आहे. पण गहू निसताना खडा सुपाबाहेर जातो, त्याचा पुढे हिशेब राहत नाही. वर्गीकरणात असं बाहेर टाकता येत नाही. प्रत्येक नोंदीला कुठला तरी एक वर्ग मिळालाच पाहिजे आणि एकच मिळाला पाहिजे. अठरा किलोवाली बाई कमी भरली म्हणून तिला सारणीतून गाळता येत नाही, म्हणून तर १० ते २० चा वर्ग एकटीसाठी ठेवला. आजीला असं सांग: कवडी वेगळ्या गाठोड्यात बांधून तिचंही वजन वहीत घातलं तर ते वर्गीकरण झालं, धुऱ्यावर फेकून दिली तर निसनं. मला वाटतं, आजी लगेच 'व्हय' म्हणेल.