लुपिनच्या सिनेमाआधी सीरीज पाहावी लागते का?

नाही भाऊ, काहीच पाहायची गरज नाही, सरळ 'कॅसल ऑफ काग्लिओस्त्रो' हा लुपिनचा जपानी ॲनिमेशन सिनेमा लावा. तुम्ही दुसरं विचारलं की हिरोच चोर आहे तर पोट्ट्यांना दाखवावा का, त्यावर येतोच.

१९७९ चा सिनेमा, जपानी ॲनिमेशनवाले हायाओ मियाझाकी यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला मोठा पिक्चर. लुपिन तिसरा हा मंकी पंच या चित्रकाराच्या १९६७ पासूनच्या मांगातला (मांगा म्हणजे जपानी कॉमिक), म्हणजे फ्रेंच लेखक मोरिस लब्लांच्या गोष्टींतल्या आर्सेन लुपाँ या चोराचा नातू. मांगातला लुपिन चांगलाच बदमाश अन बायकांच्या मागे लागणारा, मियाझाकींनी त्याला इथं पार सज्जन करून टाकला, मांगावाल्या काही लोकांना ते आजही पटत नाही, मला मात्र हाच आवडतो.

सुरुवातीलाच कॅसिनो लुटून फियाटमध्ये नोटांचा ढीग घेऊन लुपिन अन त्याचा साथीदार जिगेन पळतात आणि लुपिनच्या लक्षात येते की सगळ्या नोटा नकली आहेत, मग काय, गाडीबाहेर उडवून देतो. त्या नोटांचा माग काढत ते एका इवल्याशा देशात पोचतात, तिथं किल्ला, कोंडून ठेवलेली क्लॅरिस नावाची मुलगी, तिच्याशी जबरदस्तीनं लग्न करू पाहणारा काउंट, आणि दोन अंगठ्या जुळल्या की सापडणारा खजिना. खजिना काय ते सांगत नाही, एवढंच की तो पिशवीत भरून नेता येत नाही.

आता तो छतावरचा सीन. क्लॅरिस समोरच्या मनोऱ्यात, लुपिनला दोर बांधलेलं छोटं रॉकेट तिकडे सोडायचंय, लायटर काही पेटून नाही राहिला, अन रॉकेट हातातून निसटून उतारावर घरंगळायला लागते. हा त्याच्यामागे धावतो, मग धावणं थांबतच नाही अन शेवटी उडीच घेतो. आत पोचल्यावर तिला हातातून एक फूल काढून दाखवतो, त्यामागून छोट्या झेंड्यांची माळ निघते, आणि म्हणतो की सध्या माझ्याच्यानं एवढंच होते. चोर हिरो कसा असावा ते इथंच कळून जाते, म्हणून बिनधास्त दाखवा.

फक्त तळघरात सांगाडे आहेत, लुपिनला गोळी लागते तेव्हा रक्तही दिसते आणि काउंटचा शेवट जरा भयंकर आहे, म्हणून आठ-नऊच्या खालचे असतील तर सोबत बसा. सबटायटल वाचता येत असतील तर जपानीच लावा, इंग्रजी डबिंगमध्ये मजा नाही येत. मे महिन्यात कूलरसमोर भाच्यासोबत पाहिला तेव्हा कूलरच्या आवाजात डबिंग तसंही ऐकू येत नव्हतं.

आणि हो, पोट्ट्यांना आधी जेवू घाला. खानावळीत लुपिन अन जिगेन एकाच ताटातल्या स्पॅगेटीवरून काट्यांनी भांडतात, ते पाहून आमच्या भाच्यानं रात्री साडेदहाला मॅगी करायला लावली, ती पण दोन पाकिटं.