सासूबाईंचा जुना तन्मणी पिवळसर दिसतोय. तो कसा साफ करावा आणि कसा जपावा?

तुम्ही लिहिलंय की तन्मणी वीस वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून लॉकरमध्ये होता. तर आधी ती पिशवी फेकून द्या. सोनं कुलपात ठेवलं की तसंच राहतं, मोत्याचं तसं नाही. शिंपल्यातल्या जिवाने थरावर थर चढवून केलेलं ते कॅल्शियम कार्बोनेट असतं, थरांना धरून ठेवायला प्रथिन आणि आत किंचित ओलावा. कोरड्या जागी हवाबंद पडून राहिला की मोती सुकतो, बारीक तडेही जातात. मऊ सुती कापडात, आडवा, बाकी दागिन्यांपासून वेगळा ठेवा. हिऱ्याच्या कुडीने काय, सोन्याच्या कडेनेही मोत्यावर ओरखडा उठतो.

पिवळेपणाचं खरं सांगायचं तर वयाने आलेला रंग घरी उतरत नाही. वरवरचा मळ असेल तर ओलसर कापडाने एकेक मणी पुसा, मग कोरड्याने, एवढंच. लिंबू, व्हिनेगर अजिबात नको, आम्लाने मोती अक्षरशः विरघळतो. टूथपेस्टने घासलात तर चमक कायमची जाते. पाटल्या-बांगड्या रिठ्याच्या पाण्यात टाकून ब्रश मारायची आपली सवय आहे, पण तन्मणी त्या वाडग्यात जाऊ देऊ नका. तन्मणीच्या जुन्या खोडात, म्हणजे मधल्या पदकात, खड्यांमागे बऱ्याचदा लाख असते, शिवाय भिजलेलं रेशीम ताणलं जातं आणि कुजतं. सराफाकडच्या अल्ट्रासोनिक मशीनलाही माझा नकारच.

मोती बसऱ्याचे, म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती, आहेत का, असंही विचारलंय. आपल्याकडे प्रत्येक घरातला जुना मोती म्हणे बसऱ्याचाच असतो! नैसर्गिक की संवर्धित (माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला) हे रत्नपरीक्षा प्रयोगशाळेत एक्स-रे काढून कळतं. जपायची रीत दोन्हींची एकच.

वापराचा नियम आईने शिकवला तो असा: मोती सगळ्यात शेवटी घालायचे, सगळ्यात आधी काढायचे. म्हणजे अत्तर, हेअरस्प्रे, पावडर सगळं आटोपल्यावर. घरी आल्यावर घाम पुसून मगच ठेवायचे.

आता दोऱ्याबद्दल, कारण मला शिक्षा तिथे झाली. भाचीच्या लग्नात माझा सर ऐन पंगतीत तुटला. मण्यांमध्ये गाठ कुठेच नाही, त्यामुळे सगळेच्या सगळे घरंगळले. वाढपी, व्याही, पोरंसोरं, सगळे खुर्च्यांखाली. दोन मोती सापडलेच नाहीत. दोरा आधीपासून ढिला पडला होता, मण्यांमध्ये फट दिसत होती, आणि मी ‘नंतर बघू’ म्हणत होते. म्हणून तुमचा तन्मणी घालण्याआधी पटवेकऱ्याकडून नव्या रेशमात ओवून घ्या. मोत्यांमध्ये गाठी मारता येतील का विचारा, तुटला तर एखाद-दुसराच मोती निसटतो, आणि मोती मोत्यावर घासत नाही. तन्मणीत सर जास्त असल्याने काही जण गाठी नको म्हणतात, दिसण्यात फरक पडतो, ते पाहून ठरवा. देताना प्रत्येक सरातले मोती मोजून, फोटो काढून द्या. नेहमी घालणार असाल तर एक-दोन वर्षांनी पुन्हा दोरा बघायचा. खुंटीला मात्र टांगून ठेवू नका, वजनाने रेशीम लांबतं.

नथ तारेत ओवलेली असल्याने तिला दोऱ्याची काळजी नाही. फक्त नाकावरचा मेकअप मोत्यांच्या फटीत बसतो, तो कोरड्या मऊ ब्रशने हलकेच काढा.